पाठमोरी साक्ष

पांढरकवडा, जि. यवतमाळ
११ मार्च १९६२

चि. रहमूस,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो काल मिळाला. पाकीट दवाखान्यातच उघडलं. एवढी दाढी. आपल्यात पुरुष दाढी कधी वाढवतो ते तुला ठाऊक आहे. घरातलं कोणी गेलं की महिनाभर वस्तरा लावायचा नाही. आई गेली तेव्हा बाबांनी ठेवली होती, बाबा गेले तेव्हा तू. मी रात्रभर आठवत बसले की तिकडे इस्राएलात, दिमोनाला, आपलं असं कोण आहे, जे गेलं आणि तू मला कळवलं नाहीस.

कंपाउंडर पुंडलिकराव फोटो बघून म्हणाले, “नर्सबाई, तुमचा भाऊ तं महाराज झाला.” मी हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. या गावात यहुद्यांचं आपलं एकच घर. लोक अजून आपल्याला ख्रिस्तीच समजतात, आणि मी आता समजावणं सोडून दिलंय. तू तिकडे आपल्या माणसांत गेलास म्हणून मला बरं वाटत होतं. काही झालं असेल तर लपवू नकोस. माझा धंदाच वाईट बातम्या ऐकण्याचा आणि सांगण्याचा आहे.

तुझी,
सेगुलाताई


दिमोना
२ एप्रिल १९६२

ती. ताईस शालोम.

कोणी गेलेलं नाही. तुला घाबरवलं याचं वाईट वाटलं. इथले धर्म पाळणारे लोक गालाला वस्तरा लावतच नाहीत. आपल्या तोरा ग्रंथात लिहिलंय की दाढीच्या कडा खराब करू नका. काही जण कातरीनं बारीक करतात, तेवढं चालतं. बाबा दर शुक्रवारी न्हाव्याला घरी बोलवायचे, ते इथे कोणाला सांगितलं तर कानावर हात ठेवतील. मी गिरणीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात चौघांनी विचारलं, तू हिंदू की अरब. दाढी आणि टोपी आल्यापासून कमी विचारतात.

खरी बातमी पुढे आहे. झोहारा नावाची मुलगी आमच्याच गिरणीत शिलाई खात्यात आहे. तिचे आईवडील मोरोक्कोहून आलेले. मनगटापर्यंत बाही, पायघोळ स्कर्ट, मान खाली. पण बोलायला लागली की मला बोलू देत नाही. आम्ही लग्न ठरवलं आहे.

लग्नाची नोंदणी करणाऱ्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे, गेलो. मी ‘बेने इस्राएल, हिंदुस्थानातला’ म्हणताच त्यांनी लेखणी खाली ठेवली. आमच्या लोकांबद्दल नवीन हुकूम आलाय म्हणाले. आई, आजी, तिची आई, सगळ्यांची चौकशी. कागद नाहीत तर निदान घरात कायदा पाळला जात होता का ते दाखव. आईचे केस झाकलेले असायचे का? बाही कुठपर्यंत? पाळीनंतर सात दिवस मोजून ती तेबिलाची बुडी घ्यायची का? कुठल्या पाण्यात? आणि डोक्यावरचा एकेक केस पाण्याखाली गेला हे काठावर उभं राहून कोणी पाहिलं? पाहणारी बाई आपल्या धर्मातली, बारा वर्षांवरची हवी.

ती बाई म्हणजे तूच. चार ओळी लिहून सही करून पाठव. लवकर पाठव.

तुझा,
रहामिम


पांढरकवडा
२० एप्रिल १९६२

चि. रहमू,

तू लग्न करतोस याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. झोहाराला माझा आशीर्वाद सांग. तिच्यासाठी एक हिरवं पातळ घेऊन ठेवलं आहे.

पण तू मागितलंस ते मी लिहिणार नाही.

आईनं तीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. वैशाखात चुलीपुढे बसली तरी कोपराखालची बाही वर गेली नाही. शेजारच्या बायकांपुढेसुद्धा तिनं कधी वेणी सोडली नाही. तिची ती आंघोळ मी कागदावर लिहायची आणि तो कागद एका परक्या पुरुषानं टेबलावर पसरून वाचायचा? झाकायला सांगणारा कायदा आणि उघडं करून दाखव म्हणणाराही तोच, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. बहिणीनं भावाला लिहावं असंही हे नाही. एवढं लिहितानाही मला कानकोंडं झालंय.

रेवदंड्याच्या सिनेगॉगमधून आईबाबांच्या लग्नाचा दाखला काढता येईल. मी तिथल्या शलोमकाकांना आजच लिहिते. ते थेट तुझ्याकडे पाठवतील.

तुझी,
ताई


दिमोना
९ मे १९६२

ताई,

काकांनी पाठवलेला दाखला मिळाला. रब्बींनी तो उलटसुलट पाहिला आणि परत केला. तुमच्या लोकांनी तुमच्या लोकांना दिलेला कागद, त्याचा काय उपयोग, म्हणाले.

तू लाजेचं कारण देतेस ते मला पटत नाही. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासूनचं मला आठवतं. दिवेलागणीला आई तुला घेऊन नदीवर जायची आणि मी मागे लागलो की बाबा मला उचलून आत न्यायचे. पुढे कितीतरी वर्षं तूच जायचीस तिच्याबरोबर. दवाखान्यात रोज तू बायकांची बाळंतपणं करतेस. तुला लिहायला लाज वाटावी असं यात काय आहे?

सोबत मसुदा पाठवतो. एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. ‘मी सेगुला हसाजी, शपथेवर सांगते की माझी आई रिबकाबाई हिची बुडी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे.’ एवढंच. खाली सही कर. झोहाराच्या वडिलांनी दुसरं स्थळ बघून ठेवलं आहे. उन्हाळा संपेपर्यंत थांबतो म्हणाले, पुढे नाही.

रहामिम


पांढरकवडा
१५ जून १९६२

रहमू,

तुझा मसुदा तीन आठवडे पेटीत आहे. सही केलेली नाही.

आज शलोमकाकांचं पत्र आलं. त्यांच्या मुलाला तिकडून कोणीतरी कळवलंय की हसाजींचा मुलगा तिथल्या हौदात बुडी घेणार, धर्मात नव्यानं येणारी माणसं घेतात तशी. काका विचारतात, हे खरं का. मी काय उत्तर देऊ? तू मला यातलं अक्षर कळवलं नाहीस.

तू नव्यानं यहुदी झालास म्हणजे आधी नव्हतास. तू नव्हतास म्हणजे आई नव्हती. मग ही दाराच्या चौकटीला ठोकलेली मेझुझा कोणाची? मी शुक्रवारी दिवा लावते तो कोणाचा? तुझं लग्न व्हावं असं मला वाटतं. पण माझी आई तिथे पुसून टाकून होऊ नये.

खरं काय ते लिही.

सेगुला


दिमोना
१ जुलै १९६२

ताई,

खरं आहे. १६ ऑगस्ट, गुरुवार. मीच हो म्हटलं. तुला लिहायचा धीर झाला नाही.

ते म्हणतात ही फक्त संशय फेडण्यापुरती बुडी, मनाला लावून घेऊ नकोस. मलाही तसंच समजून घ्यायचं होतं. पण तुझं पत्र वाचल्यापासून झोप नाही. आमच्यातले काही लोक म्हणतात, असल्या हुकुमापुढे मान तुकवू नका. ते खरंही असेल. पण त्यांची लग्नं झालेली आहेत.

आणखी एक सांगतो, राग आला तर येऊ दे. तुझी सही आली असती तर ही वेळ आली नसती. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आई गेल्यावर तू माझ्यासाठी लग्न केलं नाहीस, हे मी विसरलेलो नाही. पण ज्या बहिणीनं एवढं केलं तिनं तीन ओळींना का नाही म्हणावं, हे मला कळत नाही. आता पाठवायचं असेल तर लगेच पाठव. टपालाला बारा-पंधरा दिवस लागतात.

रहामिम


पांढरकवडा
२५ जुलै १९६२

चि. रहमू,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. लाजेचं कारण मी दिलं ते अर्धंच खरं होतं. उरलेलं आज सांगते.

मला बारावं संपलं त्या आठवड्यात आईनं मला जवळ बसवलं. म्हणाली, आता तू साक्षीला चालतेस. तोवर तांड्यावरची रुपीबाई तिच्याबरोबर यायची. ती आपल्याकडे दूध घालायची ना, तीच. पण रुपीबाई बंजारा, आपल्या धर्मातली नव्हे, म्हणून तिचं पाहणं मोजत नाही, असं आई म्हणायची. आता आपलीच मुलगी काठावर उभी राहील याचा तिला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी तिनं गोड केलं.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नदीची वाट शाळेवरून जायची. वर्गातल्या कोकिळानं एकदा विचारलं, तुझी आई दिवस मावळल्यावर न्हायला काहून जाते. त्यानंतर मी काठावर जायचे, आईचे कपडे हातात धरायचे आणि नदीकडे पाठ करून उभी राहायचे. आई पाण्यातून विचारायची, “सेगू, सगळे केस गेले का गं?” मी न बघता “हो” म्हणायचे. नऊ वर्षं.

तुझ्या मसुद्यात ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ असं लिहिलंय. मी आईला नऊ वर्षं खोटं सांगितलं, ते आता शपथेवर पुन्हा सांगू?

गेल्या रविवारी मी तांड्यावर गेले. रुपीबाई आता थकली आहे, एका डोळ्यात फूल पडलंय, पण बोलणं तसंच. आईला ती याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच. मी विचारलं, तुला नदीवरचं काही आठवतं का. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

“न आठवाले काय झालं? तुही माय आधी नखं काढे. येणी सोडे, एकेक केस विंचरे. नथ, बांगड्या, मंगळसूत्र, सारं माह्या ओढणीत बांधून दे. म्या म्हटलं, याडी, आमच्या हातातल्या ह्या हस्तिदंती बलिया तं नवरा गेल्याबिगर निघत नाई, तू दर महिन्याले कायले काढतं? थे म्हणे, आंग अन् पाणी याच्या मधात काहीच नाई पाह्यजे.”

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं.

“रहमू चाळीस दिसाचा होता. सावन महिना, नदीले पूर. म्या म्हटलं, आज नोको. थे म्हणे, मोजणी आजच भरली. पोरगं माह्या हाती देल्लं अन् उतरली. एक बुडी मारली अन् वर आलीच नाई. पोराले म्या बाभळीखाली ठेवलं अन् पाण्यात गेली. हाताले केस लागले, थेच धरले अन् वढलं. काठावर आणलं तं पाणी ओकली. मले वाटलं, आता घरी जाईन. तं म्हणते कशी, रुपी, तुह्या मुठीत होते तेवढे केस कोरडे राह्यले. पुन्हा जा लागते.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. माही ओढणी तिच्या कमरेले बांधली, दुसरं टोक झाडाले गुंडाळून धरलं. गेली. पुरी गेली. एकबी केस वर नव्हता. म्या डोये फाडून पाह्यत होती ना. तू तिकडे रडून राह्यला होता, असं सांग रहमूले.”

तर रहमू, मी तुझ्या मसुद्यावर सही केलेली नाही. वेगळ्या कागदावर लिहिलंय की मी काठावर असूनही पाहिलं नाही, आणि रुपीबाईनं पाहिलं, पुरातली ती बुडीसुद्धा. खाली माझी सही आणि तिचा अंगठा. हे लिहून आईला मी उघडं केलं असं मला आता वाटत नाही. पण कागद दाखवायचा की नाही हे तू ठरव. बुडीचंही तूच ठरव. घेतलीस तरी माझा भाऊच राहशील.

तुझी,
ताई


दिमोना
१९ ऑगस्ट १९६२

ती. ताईस शालोम.

तुझं पत्र मंगळवारी, १४ तारखेला मिळालं. उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. संध्याकाळी झोहाराच्या घराबाहेरच्या बाकावर तिला माझ्या मोडक्या हिब्रूत सांगितलं. तिची आई दारात उभी होती. सगळं ऐकून झोहारानं एकच विचारलं, ती दुसऱ्यांदा उतरली तेव्हा अंधार पडला होता का. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मी नसते उतरले.

गुरुवारी मी गेलो. नखं आदल्या दिवशीच काढली होती. कपडे काढून पंचा गुंडाळला आणि हौदाच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. रब्बी आणि दोन साक्षीदार समोर. तेव्हा मी म्हटलं, आधी माझ्या बहिणीचा कागद ऐका. त्यांनी ऐकला. म्हातारे आहेत, मधे एकदा चष्मा काढून पुसला. मग सावकाश बोलले.

“तुझी बहीण स्वतःच म्हणते की तिनं पाहिलं नाही. दुसरी बाई आपल्यातली नाही, तिची साक्ष मला धरता येत नाही. आणि पुराचं पाणी म्हणजे पावसाचं. ते वाहतं असेल तर चालत नाही, साठलेलं लागतं.”

“म्हणजे ती दोनदा उतरली ते फुकट?”

“मी तसं म्हटलं नाही. ही गोष्ट खोटी आहे असंही मी म्हणत नाही.”

“मग मला कशासाठी बुडवता?”

“संशय आहे म्हणून.”

मी म्हटलं, “संशय माझ्या आईबद्दल आहे. मी बुडी घेतल्यानं तो जाणार नाही. उलट कायमचा लिहून ठेवला जाईल.”

 साक्षीदारांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. ताई, मी शूर नाही. पाणी इतकं जवळ होतं की पुढे झुकलो असतो तरी झालं असतं. एका मिनिटाचं काम आणि मग लग्न. मी परत फिरलो, कपडे चढवले आणि बाहेर आलो.

संध्याकाळी झोहाराच्या वडिलांनी सोयरीक मोडली. मला शिव्या दिल्या नाहीत, हात जोडून सांगितलं की आमच्या दारात येऊ नको. झोहारा आत होती. ती बाहेर आली नाही. गिरणीतही शुक्रवारी आली नाही, आजही नाही.

आता तुझ्याबद्दल. पाण्यातून डोकं वर काढणाऱ्याला समोर काठावर उभ्या असलेल्या माणसाची पाठ दिसतेच, ताई. एकदा नाही, नऊ वर्षं. आईला माहीत होतं. तरी ती दर वेळी तुलाच घेऊन जायची आणि तुलाच विचारायची. रुपीबाई होतीच की, तिला पुन्हा बोलावता आलं असतं. मला वाटतं, तिला तू तिथे असणंच पुरेसं होतं. मी तुला त्या तीन ओळींवरून टोचून लिहिलं, ते विसर.

तुझा,
रहमू


पांढरकवडा
६ सप्टेंबर १९६२

चि. रहमू,

आईला माझी पाठ दिसत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तुझं पत्र वाचून दवाखान्यात मागच्या खोलीत जाऊन बसले. आई गेल्यापासून बावीस वर्षांत पहिल्यांदा रडले म्हणायला हरकत नाही.

झोहाराबद्दल काय लिहू? तू केलंस ते बरोबर केलंस, पण ते बरोबर आहे म्हणून तुझं दुःख कमी होणार नाही. जेवत जा. पातळ मी ठेवून दिलंय.

तुझी,
ताई


दिमोना
२२ ऑक्टोबर १९६४

ती. ताईस शालोम.

आमचं लग्न मंगळवारी झालं.

या दोन वर्षांत झोहारानं वडिलांनी आणलेली तीन स्थळं नाकारली. दर वेळी तिनं त्यांना एवढंच सांगितलं की मी थांबते आहे. वडील तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. मग या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन ठाण मांडून बसली, बायका-मुलं घेऊन. मीही आठ दिवस होतो. शेवटी सरकारनं मध्ये पडून त्या हुकुमातलं आपलं नाव काढायला लावलं. त्याच आठवड्यात झोहाराचे वडील माझ्या खोलीवर आले, बराच वेळ बसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, तारीख धर.

लग्नाआधी झोहारा तिच्या आईबरोबर तेबिलाला जाऊन आली. तिथलं मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नोंदणीला गेलो तेव्हा टेबलापलीकडे तेच म्हातारे रब्बी होते. त्यांनी मला ओळखलं. मी खिशात तुझा कागद ठेवला होता, रुपीबाईच्या अंगठ्यासकट, लागलाच तर म्हणून. हात खिशावरच होता. त्यांनी माझं नाव विचारलं, बाबांचं विचारलं. मग आईचं विचारलं.

मी म्हटलं, रिबका.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं.

तुझा,
रहमू